एकशे ऐंशी दोरे

परदेशात पाऊल ठेवल्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत खारूनं तीन पराक्रम गाजवले. पहिल्या दिवशी ती कागदासाठी झाडाच्या साली भिजत घातलेल्या टाकीत गुडघ्यापर्यंत उतरली, कारण वरचा सालींचा थर तिला पायरी वाटला. दुसऱ्या दिवशी अंगणात उभ्या केलेल्या एका फळीला ती ऐटीत टेकली आणि फळीवर वाळत असलेल्या ओल्या कागदावर तिचा पाच बोटांचा पंजा छान उमटला. ह्या दोन्ही वेळेला सगळे हसले, ती पण हसली, आणि विषय तिथेच संपला. तिसरा पराक्रम मात्र हसण्यावारी जाणारा नव्हता.

खारू हे तिचं घरातलं नाव. हात, पाय, डोळे, जीभ, यांतलं काही ना काही सतत हलत असायचं, म्हणून आत्यानंच ते ठेवलं होतं. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आठ दिवस झाले नव्हते, तेवढ्यात तिनं आत्याच्या प्रवासात स्वतःला घुसवून घेतलं. बाबांचा साफ नकार होता. "ही तिकडे जाऊन काय करणार? असलेलं काहीतरी मोडून येईल!"

"मी फिरायला जातच नाहीये," खारू म्हणाली होती. "मी कामाला जातेय. आत्याचा उजवा हात म्हणून."

"डावा पण चालेल," आत्या म्हणाली होती. आणि तिकीट काढलं होतं.

आत्या जुनी पुस्तकं दुरुस्त करते. म्हणजे नुसती बांधणी नाही. ज्या पानाला हात लावला की पापडासारखा तुकडा पडतो, त्या पानाला पुन्हा हाताळता येईल असं करते. सध्या तिच्या टेबलावर एका सुईणीची नोंदवही होती. त्या सुईणीनं गावात साठ वर्षं बाळंतपणं केली, आणि प्रत्येक जन्म स्वतःच्या हातानं लिहून ठेवला: कोणाचं मूल, कोणत्या वारी, पहिला आवाज कधी. साठ पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. आणि सगळी पिवळी पडून कडक झालेली. ती वाचवायची तर प्रत्येक पानाला दोन्हीकडून इतका पातळ कागद चिकटवायचा की खालचं अक्षर न् अक्षर दिसलं पाहिजे. साठ पानं, दोन बाजू, एकशे वीस कागद. असा कागद आत्याच्या माहितीत एकाच माणसाच्या हातून निघायचा, आणि तो माणूस इथे होता. तरुणपणी ती इथे दोन वर्षं राहून काम शिकली होती. त्याला ती तेव्हापासून उस्ताद म्हणायची.

आशियाच्या नकाशावर खारूचं गाव आणि हे गाव यांच्यात जेमतेम एक वीत अंतर होतं. भूगोलाच्या पुस्तकात तिनं ते मोजून पाहिलं होतं. पण त्या एका वितीत भाषा बदलली होती, अक्षरं बदलली होती, नळ उलटा फिरत होता आणि दारं सरकत होती. आत्या अर्थातच इथे फडाफडा बोलायची. उस्ताद काय म्हणाले ते खारूला आणि खारू काय म्हणाली ते उस्तादांना, असा दिवसभर तिचा फेरा चाले. तो फेरा इथे गाळलेला बरा.

तर ते दोरे.

घरी खारूची आई पुढच्या खोलीत शिवणकाम करते. शाळेतून आलं की खारूचं एक ठरलेलं काम असतं: कच्चे दोरे काढायचे. पक्की शिवण मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून आई हातानं मोठेमोठे कच्चे टाके घालते. शिवण झाली की त्या दोऱ्याचं काम संपलं. तो टोकाला धरायचा आणि सावकाश, कापडाला कळूही न देता, ओढून घ्यायचा. या कामात खारूचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. इतकं की लग्नाला गेली तरी समोरच्या बाईच्या पदराला लोंबणारा दोरा तिला दिसायचा आणि हात शिवशिवायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद जेवून आडवे झाले होते. आत्या तिकिटांचं काहीतरी बघायला बाजारात गेली होती. उस्तादांच्या बायको, ज्यांना खारू फळीवाल्या काकू म्हणायची कारण त्या दिवसभर ओले कागद फळ्यांवर चढवत असत, त्या अंगणात होत्या. कारखान्यात खारू एकटी. कारखाना म्हणजे एक लांब, थंड, ओल्या जमिनीची खोली. मध्ये लाकडी हौद, त्यात ताकासारखं पांढरं पाणी. त्या पाण्यात कुटून कुटून बारीक केलेली साल आणि कुठल्याशा मुळाचा बुळबुळीत चीक. उस्ताद बारीक काड्यांच्या चटईची चौकट त्यात बुडवत, वर काढत, दोनदा पुढे-मागे, दोनदा आडवी हलवत, आणि चटईवर सायीसारखा एक पापुद्रा धरलेला असे. मग चटई शेजारच्या पाटावर उलटी घालायची, सोलून घ्यायची, की कागद खाली राहिला. त्याच्यावर दुसरा. त्याच्यावर तिसरा.

दोन दिवस खारू हे तोंड उघडं टाकून बघत होती. पण ती बघत होती पाणी. प्रत्येक कागदानंतर उस्तादांचा डावा हात क्षणभर बाजूला जाऊन काय करून येतो, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

आता पाटावर एकशे ऐंशी कागदांची थप्पी होती. आत्याचे एकशे वीस, आणि फाटक्या-तुटक्याची भर म्हणून वर साठ. साबणाच्या भल्यामोठ्या वडीसारखी पांढरी, ओली, गार थप्पी. आणि तिच्या पुढच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, दाढीसारखे लोंबणारे सुती दोरे!

"अग बाई," खारू स्वतःशीच म्हणाली. "कच्चे दोरे काढायचे राहिलेत की यांचे."

उजवा हात म्हणून आली होती ना ती? दोन दिवसांत पाण्यात पडणं आणि पंजे उमटवणं यापलीकडे तिनं काय केलं होतं? तिनं हात धुतले, पुसले, आणि थप्पीसमोर मांडी घातली. वरचा दोरा चिमटीत धरला. सावकाश ओढला. कागदाला कळलंसुद्धा नाही. दुसरा. तिसरा. तासाभरात तिनं सगळेच्या सगळे दोरे काढले, बोटाभोवती गुंडाळून त्याचा लिंबाएवढा गुंडा केला, आणि थप्पीची कड अशी स्वच्छ झाली की आईनं पाठ थोपटली असती.

उस्ताद झोपेतून उठून आले तेव्हा तिनं तो गुंडा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

उस्तादांनी गुंड्याकडे पाहिलं. मग थप्पीकडे. मग पुन्हा गुंड्याकडे. आणि मग ते, साठी उलटलेला ताठ माणूस, पालथ्या बादलीवर मटकन बसले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खारूला ओरडून घ्यायची सवय होती.

बाजारातून आत्या आली, तिनं थप्पी पाहिली, आणि काहीतरी भयंकर झालंय हे खारूला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. उस्तादांनी चार वाक्यं सांगितली. आत्यानं हातातली पिशवी जमिनीवर ठेवली, ओली होईल हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"खारू, प्रत्येक कागदावर कडेला एक दोरा ठेवलेला असतो. थप्पी दाबून पाणी काढलं, की सगळे कागद एकमेकांना बसतात. मग एकेक दोरा वर उचलायचा, की तेवढाच कागद सुटून येतो. दोरा म्हणजे कागदाचं दार आहे. दार काढलंस तू. एकशे ऐंशी."

खारूच्या तोंडचं पाणी पळालं. "मग... परत घालते! सगळे परत घालते!"

"कुठे? कुठला कागद कुठे संपतो ते दिसतंय तुला?"

तिनं वाकून पाहिलं. थप्पीची कड आता एकसंध होती. मगाशी ज्या सफाईचा तिला अभिमान वाटला होता, तीच ही सफाई.

"नवीन करता येतील ना? हौदात आहे की पांढरं पाणी!"

उस्तादांनी मान हलवली. या मोसमाची साल संपली. हौदात उरलंय त्यातून वीस कागदही निघायचे नाहीत. ही थप्पी परत हौदात मोडता येईल, पण एकदा मोडलेल्या लगद्याच्या गाठी होतात. त्याचा कागद जाड येणार, पुठ्ठ्याला चालेल असा. आत्याच्या कामाचा नाही. "पुढच्या वर्षी या," उस्ताद म्हणाले.

पुढच्या वर्षी! नोंदवहीतलं पान उलटताना आत्या श्वास रोखून धरते, हे खारूनं पाहिलं होतं. एक पान तर गेल्या महिन्यात खिडकीच्या वाऱ्यानं दुमडलं आणि तीन बाळं चुरा होऊन जमिनीवर पडली. त्याच वहीत एकशे बाराव्या बाजूला बाबांचा जन्म होता: 'मुलगा, मंगळवार, रडायला वेळ लावला.'

"आत्या, तू चिडलीस?"

"हो. पण ते मी नंतर करणार आहे. आत्ता मला विचार करू दे."

खारू उस्तादांकडे वळली. आवाज खणखणीत निघाला. "उस्ताद, ही थप्पी हौदात टाकू नका. मला द्या. मी सोडवते."

"तू सोडवतेस?"

"मी दोरे काढले, मी सोडवते."

"अडीच दिवस," उस्ताद शेवटी म्हणाले. "या उकाड्यात त्यापुढे ती आंबेल. उद्याचा आणि परवाचा दिवस तुझा. तेरवा सकाळी बादली घेऊन येईन. आणि तोवर माझ्या हौदापाशी दिसायचं नाही."

"आधी दाबून तरी द्या!"

"दाबून काय करू? वीट?" असं म्हणून ते बाहेर गेले.

पण संध्याकाळी खारूनं खिडकीतून पाहिलं, तर कोणीतरी थप्पीवर फळी ठेवली होती, फळीवर लाकडी दांडा आडवा टाकला होता, आणि दांड्याच्या टोकाला एकामागून एक दगड अडकवत होतं. त्या फळीवाल्या काकू होत्या. त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. शेवटचा दगड अडकवला, पदराला हात पुसले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाबून अर्ध्यावर आलेली थप्पी पाटासकट अंगणात आली, कारण हौदाची खोली खारूला बंद होती. तिनं कंबर कसली. पहिला कागद तिनं नखानं उचलून पाहिला. त्याचा कोपरा हातात आला, कागद तिथेच राहिला. दुसऱ्यांदा तिनं आईची शिवणाची सुई वापरली, जी तिच्या बॅगेत नेहमी असते. सुईनं भोक पडलं. मग तिनं कडेला पाणी लावलं, त्यानं लगदा झाला. पट्टी घातली. चाकू घातला. फुटपट्टी, कंगवा, पासपोर्टचं प्लास्टिकचं कव्हर, काय वाट्टेल ते घातलं. दुपारपर्यंत वरचे तेवीस कागद चिंध्या होऊन शेजारी पडले होते. त्यांतला एकही अख्खा नव्हता.

एकशे ऐंशी वजा तेवीस, एकशे सत्तावन्न. हवे होते एकशे वीस. म्हणजे अजून सदतीस फाडायची मुभा होती. या वेगानं ती उद्या सकाळी संपणार होती.

"पुरे," आत्या तिच्याशेजारी येऊन बसली. "हाताची बोटं बघ कशी झालीयेत. चल, जेवून घे."

"नको."

"खारू, तू मुद्दाम नाही केलंस. मला ठाऊक आहे."

"म्हणून काय झालं?" खारूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते बाहीनं असं पुसलं की जणू घामच होता. "मुद्दाम नाही केलं म्हणून कागद सुटणार आहेत का आपोआप? तू जा जेवायला. माझे सदतीस शिल्लक आहेत."

आत्या उठून जेवायला गेली.

खारूनं चोविसाव्याला हात घातला नाही. हात घालून तेवीस वेळा काय झालं ते तिनं पाहिलं होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले, खरंच दाबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसती बसली. समोर फळीवाल्या काकूंचं काम चाललं होतं. आधीच्या एका थप्पीतले, दोरेवाले, शहाण्या माणसांनी न छेडलेले कागद. काकू दोरा उचलत, कागद हवेत तरंगल्यासारखा सुटून येई, फळीवर बसे, आणि रुंद ब्रशच्या चार फटकाऱ्यांत इस्त्री केल्यासारखा होई. दोरा, कागद, फटकारे. खारू या वेळी पाणी बघत नव्हती, फळी बघत नव्हती. ती हात बघत होती.

आणि म्हणूनच तिला ते दिसलं.

एका दोऱ्याबरोबर चुकून दोन कागद आले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. पाठीमागे हौदाच्या खोलीचं दार उघडं होतं, आतून उस्तादांच्या खोकल्याचा आवाज येत होता. काकूंनी झटकन कोपरा अंगठ्यानं चोळला, उलटा वाकवला, तोंड जवळ नेलं आणि फुंकर मारली. अगदी बारीक फुंकर, बाळाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढताना मारतात तशी. कोपरा दोन झाला. एक कागद फळीवर गेला, दुसरा पुढच्या फळीवर, आणि काकू पुन्हा दोरे उचलू लागल्या, जसं काही झालंच नाही.

खारू मांडीखालचे हात काढून तीरासारखी सुटली.

"काकू! हे काय केलंत? आत्ता! फू! तोंडानं!"

आत्याची वाट बघायलासुद्धा ती थांबली नाही. ती मराठीत बोलत होती, काकू त्यांच्या भाषेत, आणि मध्ये हातवारे. काकूंनी आधी मान हलवून काहीच नाही केलं असं दाखवलं. मग ओठांवर बोट ठेवलं. मग दाराकडे पाहिलं. शेवटी खारूनं त्यांचा हात धरून ओढत थप्पीपाशी आणलं, जमिनीवर बसली, कान पकडले आणि तिथेच गाल फुगवून फुंकू लागली. काकूंना हसू आवरेना.

आत्या जेवण टाकून धावत आली तेव्हा सगळा उलगडा झाला.

काकूंचं माहेर टेकडीपलीकडे. माहेरीही कागदच करतात. पण तिथे दोरा नाही. तिथे सात पिढ्या कागद फुंकरीनं सुटतो. काकू लग्न होऊन इथे आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक कागद असा सोडवून दाखवला, तेव्हा सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या घरी कागद करतात, चहा गार करत नाहीत." सगळे खो-खो हसले. नवराही हसला. त्याला बत्तीस वर्षं झाली. बत्तीस वर्षं काकूंनी चार माणसांसमोर फुंकर मारली नव्हती. चूल पेटवतानासुद्धा त्या पंखा घेत.

"आणि मी दोरे काढले तेव्हाच का नाही सांगितलंत?" खारूनं विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या.

"मी विचारतेय!" खारू म्हणाली. "शिकवा मला. आत्ताच्या आत्ता."

"श्वास आहे का तुला?"

"काकू, मला नववीत वर्गाबाहेर काढायचे ते बोलणं थांबत नाही म्हणून. श्वासाचं काय विचारता!"

काकूंनी सरपणातून एक गुळगुळीत लाकूड आणलं आणि थप्पीचा कोपरा त्यानं रेटून रेटून चोळायला लावला, पन्नास वेळा, शंभर वेळा, कणीक तिंबावी तसा. कोपरा मऊ पडला, वाकला, आणि एकसंध दिसणाऱ्या त्या कडेवर केसासारख्या रेघा उमटल्या. एक रेघ म्हणजे एक कागद! खारूनं श्वास भरला आणि वादळ सोडलं. कोपरा फाटला.

"चोविसावा," ती म्हणाली.

"तू मेणबत्त्या विझवतेयस," काकू म्हणाल्या. "हा कागद झोपलाय. त्याला उठवायचंय, हाकलायचं नाहीये."

पंचविसावा अर्धा आला. सव्विसावा कोपऱ्यापासून वीतभर आला आणि मग घाईनं गेला. सत्ताविसाव्याला खारूनं इतकं हळू फुंकलं की काहीच झालं नाही, पुन्हा फुंकलं, पुन्हा काही नाही, आणि तिसऱ्या वेळेला कोपरा आपणहून उभा राहिला, कान टवकारल्यासारखा. तिनं तो दोन बोटांत धरला आणि तिरका, सावकाश, कच्चा दोरा ओढतात तसा, कापडाला कळू न देता ओढला. कागद आला. अख्खा! त्याच्यातून पलीकडची काकूंची बांगडी दिसत होती. खारू अशी किंचाळली की हौदाच्या खोलीतला खोकला थांबला.

उस्ताद दारात आले. काकूंचे गाल तेव्हा फुगलेले होते. दोघांची नजरानजर झाली. काकूंनी गाल खाली घेतले नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघतच फुंकर मारली, कागद सोडवला आणि फळीवर चढवला. उस्ताद वळून आत गेले.

मग काय! उरलेली दुपार आणि दुसरा अख्खा दिवस नुसता फुंकरीचा कारभार. आत्या कोपरे चोळायची, काकू आणि खारू आळीपाळीनं सोडवायच्या, ब्रशचे फटकारे काकूंचे. खारूचे ओठ सुजले, डोकं गरगरायला लागलं, दर दहा कागदांनंतर काकू तिला सक्तीनं सावलीत बसवून पाणी पाजायच्या. खारू फाटलेल्यांची मोजणी मोठ्यानं करायची, सुटलेल्यांची मनात, कारण सुटलेले मोठ्यानं मोजले की दृष्ट लागेल असं तिला वाटायचं. काकूंच्या हातून तेव्हापासून दोनच फाटले. खारूच्या हातून बारा. पण संध्याकाळचे शेवटचे आठ तिनं ओळीनं अख्खे सोडवले, आणि काकूंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. कामाच्या माणसाला मारतात तशी.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात येण्याआधीच खारू थप्पीपाशी होती. थप्पी कसली, तळाशी उरलेली जाड वहीएवढी चकती. फळ्यांवर एकशे पंधरा कागद होते. पाच कमी. खालच्या चकतीत पंचवीस. पाच काय, सहज निघतील!

पण ते निघेनात. सगळा भार तळानं सोसला होता, सगळ्या दगडांचा आणि एकशे पंचावन्न कागदांचा. कोपरा चोळला तरी रेघा उमटेनात. खारूनं फुंकलं, काकूंनी फुंकलं. एक फाटला. काकूंच्या हातूनही एक फाटला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. "माहेरी तळाचे कागद माझा बाप सोडवायचा," त्या म्हणाल्या. "मी लहान होते. कसं करायचा ते आठवत नाही."

तेवढ्यात उस्ताद आले. हातात बादली.

"थांबा!" खारू थप्पी आणि बादली यांच्या मध्ये उभी राहिली, हात पसरून. "सकाळ अजून संपलेली नाही!"

"बाजूला हो पोरी."

"नाही होणार. पाच राहिलेत. फक्त पाच! तुम्ही अडीच दिवस म्हणालात, दोन काल संपले, आजचा अर्धा, म्हणजे दुपारपर्यंत माझे आहेत ते!"

आत्यानं हे भाषांतर करताना 'तुम्ही' जरा जास्तच आदरानं केलं असावं, कारण उस्तादांचे ओठ किंचित हलले. ते फळ्यांपाशी गेले. एका फळीसमोर उभे राहिले, कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या फळीसमोर गेले. दोऱ्यानं सुटलेल्या कागदाच्या कडेला बारीकशी मुरड राहते. या कागदांना ती नव्हती. ते बराच वेळ बघत राहिले. मग परत आले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. थप्पीकडे नाही, बायकोकडे बघत त्यांनी विचारलं,

"तुझ्या माहेरी तळाचे कसे सोडवतात?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी डोळे मिटले. त्यांचे हात मात्र मांडीवर हलायला लागले. बापाचे हात जसे हलायचे तसे असणार, कारण दोन्ही तळवे आधी वर झाले, मग एकदम पालथे.

खारू हातच बघत होती. आता तिला तीच सवय लागली होती.

"उलटी!" ती ओरडली. "काकू, उलटी करायचे ते! पालथी!"

काकूंनी डोळे उघडले. "उलटी," त्या म्हणाल्या. "हो. पाटावरून उचलून उलटी. तळाला पाटाची ओल असते, तिथला कागद कोरडा पडलेला नसतो. तिकडून सुरुवात करायचे."

चकती एकट्यानं उलटणं शक्यच नव्हतं, मोडली असती. उस्ताद उठले. एक पाट वर ठेवला, एका बाजूला ते, एका बाजूला काकू, आणि दोघांनी एका दमात ती पालथी घातली. खालची बाजू वर आली, गार आणि ओलसर. आत्यानं कोपरा चोळला. रेघा उमटल्या, एक, दोन, तीन.

काकूंनी खारूला पुढे ढकललं.

खारूनं फुंकर मारली. कागदाला उठवलं, हाकललं नाही. एकशे सोळा. एकशे सतरा. एकशे अठराव्याला कड चिरली, पण उस्तादांनी खोकल्यासारखा आवाज करून बोटानं दाखवलं, दुसऱ्या कोपऱ्यातून घे. तिनं घेतलं. आला. एकशे वीस झाले तेव्हा तिला कळलंही नाही, ती पुढचा सोडवतच होती. एकशे सव्वीसवर चकती खरोखरच वीट झाली आणि तिथे थांबली.

"सहा जास्तीचे," आत्या म्हणाली. तिनं खारूला घट्ट धरलं. "आता चिडून घेऊ का? नंतर चिडणार म्हणाले होते."

"घे ना," खारू तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "मी इथेच आहे."

"राहू दे. घरी गेल्यावर बघू."

उरलेली वीट आणि फाटलेल्या चिंध्या उस्तादांनी हौदात नेऊन मोडल्या, म्हणाले, त्यात हौदाच्या तळाचा लगदा मिळून तीस-चाळीस जाड कागद तरी निघतील. आणि खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी खारूला बोटानं आत बोलावलं.

खारू उंबऱ्यावरच थांबली. "मला हौदापाशी दिसायचं नाही म्हणालात."

"ये."

त्यांनी तिच्या हातात काहीतरी ठेवलं. लिंबाएवढा सुती दोऱ्यांचा गुंडा. तिचाच, तिनंच नीट गुंडाळलेला.

"सोडव," उस्ताद म्हणाले. "आणि इथे माझ्या डाव्या बाजूला बस. कागद पडला की दोरा ठेवायचा, कडेपासून बोटभर आत, सरळ. काढायचा नाही."

अंगणातून काकूंचा आवाज आला, "आणि शेवटचे दहा तसेच ठेवा! ते मी फुंकीन."

उस्तादांनी चौकट पाण्यात बुडवली, वर काढली, दोनदा पुढे-मागे, दोनदा आडवी, आणि चटई पाटावर पालथी घातली. कागद पडला. खारूनं गुंड्यातून एक दोरा मोकळा केला, ताणला आणि कडेला ठेवला. त्याचं टोक थोडं बाहेर लोंबत होतं.

तिचे हात शिवशिवले. तिनं ते मांडीखाली दाबले आणि पुढच्या कागदाची वाट बघत बसली.